अनुभव धागा: कालव्याच्या काठाने सायकल

घाट, बीआरएम (ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या), पंढरपूरची सायकलवारी यांवर भरपूर लिहिलं जातं आणि मी ते आवडीने वाचते. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी, त्यातही बायकांनी आणि पन्नाशी ओलांडलेल्यांनी, सायकल सोडली ती चढाला घाबरून नव्हे. मागून येणाऱ्या डंपरच्या धास्तीने सोडली. म्हणून हा धागा डंपर येऊच शकत नाही अशा वाटांसाठी. कालव्याचा काठ, नदीचा बांध, आडगावातली पाणंद, काहीही चालेल. अ‍ॅव्हरेज स्पीड नको. वाट कशी होती, पाणी कुठे मिळालं, मुक्काम कुठे केला, काय बघितलं ते लिहा.

सुरुवात मी करते. आम्ही इंग्लंडमध्ये बाथजवळ राहतो. घराजवळून केनेट अँड एव्हन कालवा जातो. रेडिंग ते ब्रिस्टॉल, साधारण १४० किलोमीटर. १८१० साली तो पुरा झाला, नंतर रेल्वेने त्याचा धंदा खाल्ला आणि विसाव्या शतकात कित्येक ठिकाणी तो पार मोडकळीस आला. लोकांनी वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी येऊन गाळ उपसला, तेव्हा कुठे १९९० साली तो पुन्हा रीतसर सुरू झाला. काठची वाट मुळात घोड्यांची. घोडा काठाने चालायचा आणि दोराने बोट ओढायचा. त्यामुळे मैलोन्‌मैल चढ नाही.

बाथ ते डिव्हायझेस हा पट्टा नवख्यांसाठी उत्तम, बराचसा बारीक खडी दाबून केलेला. वाटेत ड्युंडासचा जलसेतू लागतो, तिथे आख्खा कालवा एव्हन नदीच्या डोक्यावरून जातो. शेवटी केन हिल. तिथे बोटी चढवायला २९ लॉक (दोन्ही टोकांना दारं असलेले पाण्याचे हौद) आहेत, त्यातले १६ एका ओळीत टेकडीवर. सायकलवाल्यांना हा एवढाच चढ. आम्ही तिथे डबा खात बसतो. बोटीवरची माणसं हाताने किल्ली फिरवून झडपा उघडतात, हौद भरतो, मग पाठ लावून दाराचा तो अवजड लाकडी दांडा ढकलतात. मुलांना ढकलायला दिलं तर ती घरी यायला तयार नसतात.

रीत एकच: चालणाऱ्याचा मान पहिला. पुलाखाली वाट अरुंद होते आणि समोरचं दिसत नाही, तिथे दोनदा घंटी वाजवून हळू जायचं. आणि इथल्या जुन्या कालव्यांवर पुलाखाली थांबलात तर कोपऱ्याच्या दगडावरून बोटं फिरवून बघा. ओल्या दोराने घासून घासून पडलेल्या खाचा हाताला लागतात, काही इतक्या खोल की करंगळी आत जाते.

मेरिलँड, अमेरिका

ताई, दोराच्या खाचा आमच्याकडेही आहेत! चेसापीक अँड ओहायो कालवा, वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत १८४.५ मैल, जवळजवळ ३०० किलोमीटर. पॉ पॉ नावाचा बोगदा आहे, ३,११८ फूट लांब. बांधायला १८३६ ते १८५० इतकी वर्षं गेली. आतली वाट चिंचोळी, एका बाजूला लाकडी कठडा, खाली काळं पाणी. टॉर्च लावून सायकल हातात धरून चाललो आणि कठड्यावर प्रकाश टाकला, तर दोरांनी कापलेले चरे.

१९२४च्या पुरानंतर हा कालवा बंद पडला. पुढे त्या जागेवर मोटारींचा रस्ता करायचं घाटत होतं आणि वॉशिंग्टन पोस्टने अग्रलेखात त्याला पाठिंबाही दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ साली संपादकांना आव्हान दिलं की माझ्याबरोबर ही वाट चालून बघा. संपादक खरंच गेले. सगळी वाट काही ते चालले नाहीत, पण वर्तमानपत्राचा सूर बदलला. १९७१ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं. रस्ता झाला असता तर आज आम्ही तिथे ताशी साठ मैलांनी गेलो असतो आणि काहीच दिसलं नसतं. डग्लससाहेबांचे माझ्यावर उपकार आहेत असं मी मनापासून मानतो.

व्यवहाराचं: दर काही मैलांवर तंबू ठोकायला फुकट जागा आहेत, हातपंप असतो. हिवाळ्यात पंप बंद. पंपाच्या पाण्यात आयोडीन घालतात, चव आवडत नसेल तर लिंबू बरोबर ठेवा. पावसानंतर वाटेत डबकी आणि चिखल, त्यामुळे बारीक टायर नकोत. दम उरलाच तर कंबरलंडहून पुढे पिट्सबर्गपर्यंत आणखी १५० मैल जुन्या रेल्वेच्या जागेवरून मोटारीविना जाता येतं.

तुलूझ, फ्रान्स

कनाल द्यू मिदीचं नाव ऐकून पुष्कळ जण येतात म्हणून आधी वाटेचं सांगतो. तुलूझपासून साधारण ५० किलोमीटर डांबरी, गुळगुळीत. तिथून पुढे खडी, माती आणि मग प्लेनच्या झाडांची मुळं. मुळांवरून दिवसभर गेलात की रात्री मनगटं ठणकतात. रुंद टायर, कमी हवा.

झाडांचं दुःख आहे. कालव्याच्या दुतर्फा प्लेनची सुमारे ४२,००० झाडं होती. २००६ पासून बुरशीचा रोग पसरला, त्याला औषध नाही, त्यामुळे हजारो झाडं तोडून जाळावी लागली. नवी रोपं वेगवेगळ्या जातींची लावतायत. काही ठिकाणी तासभर उन्हातून जावं लागतं, तेव्हा टोपी आणि दोन बाटल्या हव्यातच.

पण तरी या. पिएर-पॉल रिके हा सरकारसाठी मिठाचा कर गोळा करणारा माणूस. १६६६ साली राजाने कालव्याला मंजुरी दिली, १६८१ला कालवा उघडला, आणि रिके त्याआधी काही महिने वारला. २४० किलोमीटर कालव्यासाठी त्याने स्वतःची संपत्ती ओतली. नोरूझला समुद्रसपाटीपासून १८९ मीटरवर या कालव्याचा माथा आहे. तिथे थांबलो की मला दर वेळी नवल वाटतं: इथलं पाणी एकीकडे अटलांटिककडे उतरतं, दुसरीकडे भूमध्य समुद्राकडे. ते माथ्यावर आणलं कुठून, हे जाणकारांनी सांगावं.

बारामती (निवृत्त, पाटबंधारे)

सांगतो. माथ्याच्या कालव्याची गोम तिथेच असते. प्रत्येक बोट जाताना दोन्ही उतारांना हौदभर पाणी खाली सुटतं, म्हणजे माथ्यावर सतत भर हवी. रिकेने बाजूच्या डोंगरातले ओढे चर खणून वळवले आणि सां-फेरेओलला धरण बांधून साठा केला. तुम्ही तिथले लॉक बघितले असतील, हौद सरळ नाही, लंबगोल आहे. मागच्या मातीचा दाब सरळ भिंतीला पेलला नाही, भिंत ढासळली, मग बाक दिला. आमच्या पिढीने हे पुस्तकात वाचलं, तुम्ही सायकलीवरून बघताय याचा आनंद वाटला.

आता आपल्याकडचं. नीरा डावा कालवा, वीर धरणाकडून पुरंदर, बारामती, इंदापूर. १८७६-७७च्या दुष्काळानंतरचं हे काम. आपल्याकडे बोटी नाहीत, घोडे नाहीत, पण भरावावर खात्याचा देखरेखीचा रस्ता आहे. लोक त्याला कॅनॉलचा रस्ताच म्हणतात. मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे वीत-दोन वीत उतार, त्यामुळे सायकलीला तो सपाटच. मी नोकरीत जीपने फिरलो आणि निवृत्तीनंतर सायकलने, तेव्हा कळलं की जीपमधून मला खंड्या एकदाही दिसला नव्हता.

आवर्तन (कालव्याला पाणी सोडण्याची पाळी) चालू असताना जा. पाणी वाहतं असलं की हवा गार असते, उसाला बारे देणारी माणसं भेटतात, पाटाच्या पाण्यावर देखरेख करणारा पाटकरी भेटतो. पाटकऱ्याला राम राम घातला की पुढची सगळी खबर मिळते: कुठे भराव खचलाय, कुठे चारीवर फळी टाकलीय, कुठलं कुत्रं अंगावर येतं. मोटारसायकली आणि उसाचे ट्रॅक्टर लागतात, रस्ता अगदीच निर्मनुष्य नाही हे खरं, पण भरधाव कोणी नसतं. उतरून पोहू मात्र नका. कालव्याच्या आतल्या अस्तराचा उतार शेवाळलेला असतो, एकदा पाय सुटला की वर यायला धरायला काही नाही.

नेदरलँड्स

माझी आई, वय ६४, साताऱ्याहून आली होती. लग्नाआधी कॉलेजला सायकलीने जायची, नंतर कधीच नाही. उत्रेख्तजवळ फेख्त नदीच्या काठाने तिला घेऊन गेले. इथे चौकांना आकडे दिलेले असतात, घरून निघताना आकडे कागदावर उतरवायचे आणि पाट्या बघत जायचं. पहिल्या तासाभरात ती सारखी मागे वळून बघत होती. मग बघायची थांबली. उचलता पूल वर गेला, बोट निघून गेली, तोवर ती शेजारच्या डच आजीशी मराठीत बोलत होती आणि आजी डचमध्ये उत्तरं देत होती. वाऱ्याची मात्र तयारी ठेवा. इथे चढ म्हणजे समोरचा वारा, शक्य तर जाताना तो अंगावर घ्या आणि परतताना पाठीशी.

पणजी

कालवा नाही, पण खाजणाचे, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचे, बांध आहेत. रायबंदरहून फेरीबोटीत सायकल चढवायची आणि चोडणला उतरायचं. एका बाजूला कांदळवन, दुसरीकडे भातशेती, मध्ये बांध आणि खारं पाणी अडवणारी मानशीची लाकडी दारं. बांध खासगी किंवा गावाचे असतात, विचारून जा, आणि भात उभं असताना सायकल हातात धरा.

पुणे

काका, नीरेच्या काठाने दिवाळीनंतर दोन मैत्रिणी मिळून जायचा विचार आहे. परवानगी लागते का? आणि टायर?

बारामती (निवृत्त, पाटबंधारे)

बेटा, रस्ता खात्याचा आहे, जवळच्या शाखेत जाऊन सांगून ठेवा. दोघी जाणार म्हणता तर शाखा अभियंत्याचा फोन लिहून घ्या. अवकाळी पाऊस झाला तर दोन दिवस थांबा, काळी माती मडगार्डमध्ये बसली की चाक जागचं हलत नाही. वेड्या बाभळीचे काटे जागोजागी, टायरमध्ये लायनर घाला आणि जास्तीची ट्यूब ठेवा. कोणत्या आठवड्यात जाणार ते इथे लिहा, आवर्तन कधी सुटतंय ते विचारून कळवतो.