वालाचं बिरडं दुपारी एकला, पोट फुगतं संध्याकाळी सहाला. असं का?

ऐरोलीचा_डबा:
ऑफिसांना दुपारचे डबे देतो. बुधवारी वालाचं बिरडं. जेवणं एकला होतात, पण गॅसची तक्रार सहा-सातला, मंडळी ठाण्याच्या लोकलमध्ये उभी असताना. अपचन असतं तर लगेच नको का व्हायला? वाल आठ तास भिजवून त्याच पाण्यात कुकरला लावतो. शिट्ट्या वाढवल्या, हिंग वाढवला, फरक नाही.

पेट्रीडिश:
घोळ ‘त्याच पाण्यात’ आहे.

वाल, चवळी, हरभरा यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर माणसाच्या लहान आतड्यात तयारच होत नाही. म्हणून त्या न पचता मोठ्या आतड्यात उतरतात. तिथवर पोचायला साधारण ४ ते ६ तास लागतात, तेव्हा तुमची तक्रार अगदी वेळेवर येते आहे. तिथले जीवाणू ऑक्सिजनशिवाय त्या आंबवतात. त्यात ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात (आतड्याच्या पेशींचं ते खाद्यच) आणि सोबत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड सुटतात.

या साखरा शिजवून जात नाहीत, हिंगानेही तुटत नाहीत. दहा शिट्ट्या द्या, फक्त वालाचा गाळ होईल. पाण्यात मात्र विरघळतात. १ वाटी वालाला ४ वाट्या पाणी, १०-१२ तास, मध्ये एकदा बदलायचं आणि शेवटचंही ओतून द्यायचं. मग मोड आणा. कोंब फुटताना बी या साखरा स्वतःच खर्च करतं. सोलून ताज्या पाण्यात शिजवा.

कळवा_खाडी:
भिजवताना खायचा सोडा घातला तर? आणि सोडा पिऊन बरं वाटतं ते कसं?

पेट्रीडिश:
सोड्याने साखरा थोड्या जास्त सुटतात, पण बी१ जीवनसत्त्व जातं आणि दाणा गिचका होतो. डब्यात तो दिसायलाही वाईट. प्यायलेला सोडा जठरातल्या आम्लाशी भिडतो, कार्बन डायऑक्साइड होतो, ढेकर येते. मोठ्या आतड्यातल्या गॅसला त्याचा पत्ताही नसतो.

मिथेनवाला:
एकाच डब्याने एक फुगतो, दुसरा नाही, त्याचंही कारण तिथेच आहे. काहींच्या आतड्यात मेथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथी भरपूर असतो. (हा जीवाणू नव्हे, आर्किया, म्हणजे जीवाणूंसारख्याच पण वेगळ्या गटातला सूक्ष्मजीव.) तो हायड्रोजनचे ४ रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा १ घेऊन मिथेनचा १ रेणू करतो. म्हणजे पाचाचा एक. गॅस घटतो, पण मिथेनने आतड्याची चाल मंदावते, अशांना बद्धकोष्ठ जास्त. यातल्या एकाही वायूला वास नसतो. वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकाच्या वायूंना, आणि ते अगदी किंचित असतात. अंडी, कोबी, कांद्यातलं गंधक त्यांना पुरतं. त्यामुळे वास येत असेल तर बिरड्याआधी मंगळवारची अंडाकरी आठवा.

ऐरोलीचा_डबा:
मग बुधवारसाठी भिजवायचे कधी?

पेट्रीडिश:
सोमवारी रात्री. मंगळवारी सकाळी उपसून, धुवून, सैल बांधा. घट्ट गाठोडं आपल्या दमट हवेत आतून तापतं. दुपारी आणि रात्री एकदा धुवा. बुधवारी पहाटे दाणा बोटांत चोळून बघा, बुळबुळीत लागला, आंबूस वास आला, तर तो घाणा टाकून द्या.