आत्याने दिलेली दहा वर्षांची कार सीट: वापरू की काढून टाकू?

ओझरची_सून

नमस्कार. प्रश्न जरा लांबणार आहे, कारण त्यात घरचं राजकारणपण आहे.

लेक १४ महिन्यांची. वजन ९ किलो ४००, उंची ७६ सेंमी, दोन्ही मागच्या आठवड्यात डॉक्टरांकडे मोजलेलं. नणंद जर्मनीत, श्टुटगार्टला असते. तिच्या दोन्ही मुलांनी वापरलेली कार सीट ती गेल्या दिवाळीला विमानातून, चेक-इन सामानात टाकून घेऊन आली. भाचीवर जीव आहे तिचा. सीट दिसायला झकास आहे, गुबगुबीत, आणि कव्हर काढून धुतल्यावर तर दुकानातून आणल्यासारखी वाटते. ० ते १८ किलोची आहे, गाडीच्याच बेल्टने बांधायची. आम्ही तेव्हापासून तीच वापरतोय, लेकीचं तोंड मागे करून.

परवा ती खाली काढून व्हॅक्यूम करताना बुडाला एक नाण्याएवढी गोल तबकडी दिसली. कडेने १ ते १२ आकडे, मधे १५, आणि बाण ११ कडे. म्हणजे २०१५चा नोव्हेंबर, असं मी समजले. कंपनीच्या साइटवरून माहितीपुस्तिका उतरवली, त्यात बनवल्यापासून दहा वर्षं लिहिलंय. म्हणजे आता संपलीच की!

नवरा म्हणतो, दहा वर्षांपैकी चार वर्षं ती तळघरात पडून होती, ती धरायची नाहीत. सासूबाई म्हणतात, "एवढ्या लांबून आणलेली वस्तू, तिला काय धाड भरलीय?" आणि नणंदेला सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.

अजून दोन गोष्टी सांगते, हसू नका. एक म्हणजे इथे नाशिकजवळ आमची गाडी अंगणात उघड्यावर उभी असते, एप्रिल-मेमध्ये बकलला हात लावला की चटका बसतो. दुसरी, सीट आली तेव्हा तिला तळघराचा कुबट वास होता, म्हणून सासूबाईंनी खांद्याचे पट्टे काढून पावडरमध्ये रात्रभर भिजवले आणि सकाळी धुण्याच्या दगडावर आपटून धुतले. स्वच्छ निघाले, पण आता जरा मऊ पडल्यासारखे वाटतात. बकलपण कधी 'टक्' वाजतं, कधी नुसतंच आत जातं.

दर महिन्याला पुण्याला माहेरी जाणं असतं. काय करू?

घोडबंदरचा_घोडा

काही करू नका. आम्ही चार भावंडं काकांच्या अँबेसेडरमध्ये मागच्या काचेखाली झोपून कोकणात जायचो. सगळे धडधाकट आहोत. प्लास्टिकला कसली आलीय एक्स्पायरी? ते काय दूध आहे? कंपन्यांचा धंदा आहे हा.

साचेबंद_चाकण

घोडेराव, प्लास्टिक नासत नाही हे बरोबर, पण म्हातारं होतं. माझी २२ वर्षं इंजेक्शन मोल्डिंगमध्ये, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून वस्तू काढण्यात गेली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

ताई, ती तबकडी म्हणजे डेट इन्सर्ट. साच्यात बसवलेला छोटा गोल तुकडा असतो. महिना बदलला की ऑपरेटर स्क्रू-ड्रायव्हरने त्यातला बाण फिरवतो. तुम्ही वाचलंय ते बरोबर आहे. फक्त सीटच्या प्रत्येक भागावर वेगळी तबकडी सापडेल, कारण पाठ, बूड आणि हेडरेस्ट वेगवेगळ्या दिवशी निघतात. आणि खरं सांगू का, पहिल्या तारखेला बाण फिरवायला विसरणारे ऑपरेटर मी भरपूर पाहिलेत, तेव्हा एखाद्या महिन्याचं मनावर घेऊ नका. स्टिकर शाबूत असेल तर त्यावरची तारीख धरा.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो अगदीच चुकीचा नाही. सीटचं कवच बहुतेक पॉलीप्रॉपिलीन (पीपी) या प्लास्टिकचं असतं. त्याला मारतात ऊन आणि ऑक्सिजन, आणि उष्णता त्या दोघांना मदत करते. त्यासाठी आम्ही आत स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिक टिकवणारं रसायन घालतो, ते हळूहळू खर्च होत जातं. थंड अंधाऱ्या तळघरातली चार वर्षं म्हणजे आपल्याकडच्या उन्हातली चार वर्षं नव्हेत. पण कंपनी दहा लिहिते तेव्हा तिने सीट कुठे राहील हे पाहिलेलं नसतं. तुमची सीट दिवाळीपासून नाशिकचं ऊन खातेय, त्यात एक पूर्ण उन्हाळा आला. तळघराची सूट तिथेच वळती झाली असं समजा.

आणि नुसतं प्लास्टिकच म्हातारं होत नाही. पट्टे पॉलिएस्टरचे असतात. या सीटची समोरून धडकेची चाचणी ताशी ५० किमीला होते. त्या वेगातून गाडी एकदम थांबली की साडेनऊ किलोचं लेकरू क्षणभर पट्ट्यांवर दोनशे किलोच्या वर ओढ टाकतं. पट्टा ही ओढ झेलताना ठरावीक प्रमाणातच ताणला जावा अशी त्याची वीण असते. म्हणून पुस्तिकेत लिहिलेलं असतं की ओल्या फडक्याने पुसा, भिजवू नका. दगडावर आपटू नका असं लिहायचं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. 😀

एक काम करा. कव्हर पूर्ण उतरवा आणि सीट अंगणात उन्हात धरून बघा. कवचावर, विशेषतः जिथून बेल्ट जातो तिथल्या कोपऱ्यांवर, पांढुरक्या रेघा आहेत का? रंगीत पीपी वाकवलं की तिथे पांढरं पडतं, तुटायच्या आधी आपल्या बालदीची कडी पांढरी पडते ना, तसं. तशी रेघ दिसली तर तिथे कधीतरी जोर आलेला आहे. मग डोक्याच्या बाजूचा थर्माकोल बोटांनी चाचपा. चेक-इन सामान कसं फेकतात ते आपण सगळे खिडकीतून बघतो.

बकलला तेल घालू नका. कोमट पाण्याखाली उलटं धरून हलवा, बिस्किटाचा चुरा निघतो. तरीही 'टक्' आलं नाही तर विषय संपला, मग तारीख बघायचीही गरज नाही.

एडिसनची_मावशी

साचेबंद, बालदीची कडी आवडली.

ताई, मी न्यू जर्सीत २० वर्षं आहे, तीन मुलं आणि पाच सीटा झाल्या. इथे सीटवर 'या तारखेनंतर वापरू नये' असं सरळ ठोकलेलं असतं, साधारण सहा ते दहा वर्षांचं. त्यामुळे कोणी भावनिक होत नाही. टार्गेट दुकानात अधूनमधून जुनी सीट जमा करून नवीन खरेदीवर सूट देतात, तेव्हा लोक रांगा लावून कालबाह्य सीटा नेऊन टाकतात.

पण तारखेच्या आधी विचारायचा प्रश्न तू विचारलाच नाहीस: ही सीट कधी अपघातात होती का? 'अपघात' हा शब्द वापरू नकोस, लोक नाही म्हणतात. "गाडी कधी ठोकली गेली होती का?" असं विचार. इथली रस्ते सुरक्षा संस्था किरकोळ धडकेनंतर सीट ठेवायला परवानगी देते, पण पाचही गोष्टी जुळल्या तरच: गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली, सीटजवळच्या दाराला काही झालं नाही, कोणालाही इजा नाही, एअरबॅग उघडली नाही, आणि सीटवर डोळ्याला दिसणारं नुकसान नाही. एक जरी हुकली तरी सीट बाद. आणि कंपनीच्या पुस्तिकेत कोणत्याही धडकेनंतर बदला असं असेल तर तेच पाळायचं.

आणखी एक, हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. अमेरिकेतून भारतात सीट नेऊ नका. माझ्या बहिणीने माझी नेली आणि पस्तावली. इथल्या गाड्यांचा बेल्ट पूर्ण बाहेर ओढून सोडला की कुलूपबंद होतो, त्यावर इथल्या सीटचं बसवणं अवलंबून असतं. तिकडच्या बहुतेक गाड्यांचा बेल्ट एरवी सैलच राहतो, फक्त झटक्याला अडकतो. त्यामुळे सीट डुगडुगते. युरोपची सीट त्या मानाने आपल्याकडे नीट बसते.

तोंड मागे ठेवलंयस ते उत्तम, नवीन घेतलीस तरी तसंच ठेव. युरोपच्या जुन्या नियमाच्या सीटवर ९ किलोला पुढे वळवायला मुभा आहे, म्हणून सगळे घाई करतात. पाय दुमडतात म्हणून आजीला वाईट वाटेल, वाटू दे. फक्त मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीही नको.

घोडबंदरचा_घोडा

ठीक आहे, धंदा हा शब्द मागे. पण मग गरिबाने काय करायचं? दहा-पंधरा हजार कुठून आणायचे? त्यापेक्षा जुनी बरी की मांडीवर बरी?

साचेबंद_चाकण

मांडी कधीच नाही. वर सांगितलेली ओढ दोन हातांनी धरून बघा. इतिहास माहीत असलेली, तारखेच्या आतली जुनी सीट मी डोळे मिटून घेईन, माझ्या मुलाला सख्ख्या साडूंचीच वापरली होती. अनोळखी माणसाकडून ऑनलाइन घेतलेली घेणार नाही. आणि आपल्याकडेही २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ब आहे. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा बालसीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड. लावताना कोणी दिसत नाही ही गोष्ट वेगळी.

ओझरची_सून

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

रविवारी कव्हर उतरवलं. कवचावर पांढरी रेघ कुठे दिसली नाही, साचेबंद दादा. मी आणि नवरा दोघांनी मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. त्याचा चेहरा खुलला. मग डाव्या कानाच्या बाजूचा थर्माकोल दाबला तर तो बिजागरीसारखा हलला. आतून उभा तडकलेला, वरच्या कापडामुळे जागेवर राहिलेला. आम्ही सहा-सात महिने लेकीचं डोकं तिथेच टेकवत होतो. नवरा काही बोलला नाही, कव्हर परत चढवायला लागला, मग थांबला.

संध्याकाळी नणंदेला व्हिडिओ कॉल. मावशींनी सांगितलं तसंच विचारलं, "वन्सं, गाडी कधी ठोकली गेली होती का?" आधी म्हणाल्या, नाही गं. दोन मिनिटांनी स्वतःच, "अगं हो, २०१८ला जाममध्ये उभे असताना मागून एकाने दिली होती. बंपर बदलला, बाकी काही नाही. धाकटा तेव्हा नव्हता, मोठा बसला होता." थर्माकोल तेव्हा तडकला की विमानात, ते आता कोण सांगणार. त्यांनाच इतकं वाईट वाटलं की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. त्या म्हणाल्या, तिकडे या जुन्या ४४ नंबरच्या नियमाच्या सीटा सप्टेंबर २०२४पासून दुकानात विकायलाच बंद झाल्यात, आता १२९चा नियम. त्यात किलोऐवजी उंची बघतात, बाजूच्या धडकेची चाचणी असते आणि १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच. नवीन सीटचे अर्धे पैसे त्या देणार आहेत. मी नको म्हटलं, सासूबाईंनी हो म्हटलं.

१२९ची, आयसोफिक्सवाली (बेल्टऐवजी गाडीतल्या कड्यांना थेट अडकवायची) मागवली आहे. आमच्या गाडीला मागे ते कड्यांचे अँकर आहेत हे आम्हाला चार वर्षं माहीतच नव्हतं, सीटच्या फटीत टॅग दडलेला. येईपर्यंत पुणे रद्द, आईबाबाच इकडे आलेत.

जुनीचे पट्टे मी कात्रीने कापले आणि कवचावर मार्करने 'खराब' लिहिलं, नाहीतर भंगारवाला धुऊन-पुसून दुसऱ्या कोणाला विकायचा. पट्टे कापायला स्वयंपाकघरातली कात्री पुरली नाही, नवऱ्याने पत्र्याची आणली. भंगारवाल्याने प्लास्टिक वेगळं, लोखंड वेगळं करून ४५ रुपये दिले. कव्हर सासूबाईंनी ठेवून घेतलंय. मऊ आहे, पाटावर घालायला होईल म्हणतात.

एक शंका राहिलीच. भंगारात द्यायच्या आधी पाठीच्या आतली तबकडी पाहिली, तिथे बाण १० वर होता आणि हेडरेस्टवर १२ वर. मग वय कुठून मोजायचं असतं?

साचेबंद_चाकण

सीट जुळवल्याची तारीख स्टिकरवर असते, ती. स्टिकर गेला असेल तर सगळ्यात जुन्या तबकडीवरून धरा. आणि १२ वाल्या हेडरेस्टने डिसेंबरमध्ये नक्कीच रात्रपाळी पाहिली असणार, बाण किंचित तिरका होता का?

ओझरची_सून

होता!