विषय: ब्रेस्ट कॅन्सर – यातून गेलेल्या कोणाशी बोलायचंय

मंडळाच्या लिस्टवरच्या सगळ्यांना नमस्कार,

हा मेल आपल्यातल्या एका मैत्रिणीच्या वतीने टाकतेय. नाव विचारू नका आणि प्लीज आपापसात अंदाजही बांधू नका, तिच्या आईबाबांना अजून सांगितलेलं नाहीये आणि त्यांना हे तिसऱ्याकडून कळायला नको. खालचं तिचंच आहे, मी फक्त कॉपी पेस्ट केलंय.
– स. (कमिटी)

"बायोप्सीचा रिपोर्ट आलाय. इन्व्हेजिव्ह डक्टल (म्हणे दुधाच्या नळीत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला), ईआर पीआर पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारा), ग्रेड ३, हर-टू नावाच्या प्रोटीनचं अजून यायचंय. आधी सर्जरी की आधी केमो ते त्यावर ठरेल म्हणाले. डॉक्टर चांगल्या आहेत पण त्या बोलायला लागल्या की मी नुसती मान हलवते आणि बाहेर येऊन नवऱ्याला विचारते काय म्हणाल्या रे, तर त्यालाही अर्धंच आठवत असतं. सगळे म्हणतात होईल नीट. ते ऐकायचंच नाहीये असं नाही, पण म्हणणाऱ्यांपैकी एकालाही हे झालेलं नाही. हॉस्पिटलने सपोर्ट ग्रुपचं पत्रक दिलंय, त्यावर अनोळखी बायका गोल करून बसलेल्या, फोटो बघूनच मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं. मला एकच बाई हवीय, जिला हे झालंय, जी आता चालतीबोलती आहे आणि जिला मी बावळट प्रश्न विचारू शकेन. अशी कोणी शोधायची कशी? ओळखीच्यांपासून लपवायचंय आणि हवंय पण ओळखीचंच माणूस, असा सगळा घोळ आहे."

––––––––––

उत्तर: मृ.

स., हे तिला पोचव, आणि लिस्टवर पण राहू दे, अजून कोणाला तरी लागेल.

बाई गं, तू म्हणते, चालेल ना? माझं मॅस्टेक्टॉमी (स्तन काढायचं ऑपरेशन), केमो, रेडिएशन सगळं होऊन गेलंय, आता फक्त रोजची टॅमॉक्सिफेनची गोळी, हार्मोन अडवणारी. त्यामुळे बावळट प्रश्न बिनधास्त विचार.

आधी एक. ग्रेड ३ आणि स्टेज ३ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तू काही म्हणाली नाहीस, पण बऱ्याच जणींची पहिली रात्र याच गोंधळात जाते म्हणून सांगतेय. ग्रेड म्हणजे पेशी नॉर्मलपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि साधारण किती वेगाने वाढतायत, स्टेज म्हणजे गाठ केवढी आणि कुठवर पोचलीय. ग्रेड बायोप्सीत कळते, स्टेजला अजून तपासण्या लागतात.

आता तुझा मुद्दा. एकच बाई हवी हे अगदी बरोबर आहे आणि ही काही आजची कल्पना नाही. १९५२ मध्ये टेरीस लॅसर नावाच्या एका अमेरिकन बाईंचं मॅस्टेक्टॉमीचं ऑपरेशन झालं, नंतर हात कसा हलवायचा, कपड्यांचं काय करायचं हे सांगायला कोणीच नाही हे बघून त्या स्वतःच दुसऱ्या पेशंट बायकांना हॉस्पिटलमध्ये जाऊन भेटायला लागल्या. सुरुवातीला हे डॉक्टर लोकांना फारसं रुचलं नव्हतं. त्यातून 'रीच टू रिकव्हरी' उभं राहिलं, १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते आपल्याकडे घेतलं आणि आता बऱ्याच देशांत याच नावाने किंवा याच पद्धतीने काम चालतं. म्हणजे तू मागतेयस ते मिळतं, फक्त पत्रकावर ते छापलेलं नसतं.

तुझ्या क्लिनिकमध्ये ब्रेस्ट केअर नर्स असेल, कुठे तिला नॅव्हिगेटर म्हणतात, ती नसली तर सोशल वर्कर. तिला गाठून सरळ सांग, मला ग्रुप नकोय, वन टू वन कोणीतरी हवीय, माझ्याच टाइपचा कॅन्सर झालेली, साधारण माझ्या वयाची, आणि मुख्य ट्रीटमेंट संपून वर्ष दोन वर्षं झालेली. एवढं फोडून सांगितलं नाही तर तेच पत्रक परत हातात येतं. वर्ष दोन वर्षं का, तर जिची केमो आत्ता चालूय तिचीच तारांबळ असते, आणि जिला खूप वर्षं झालीत तिची औषधंच वेगळी होती, ती मनापासून सांगेल पण ते तुला लागू पडेलच असं नाही. आणि हर-टूचा रिपोर्ट येईपर्यंत घाईने जोडी लावून घेऊ नकोस, त्याने सगळा बेत बदलू शकतो.

इथे परदेशात मराठी बोलणारी मिळेल का? मिळाली तर उत्तमच, पण माझ्या मते आधी आजार जुळायला हवा, भाषा नंतर. मी दोन माणसं ठेवली होती, एक हॉस्पिटलने दिलेली, जिच्याशी मी इथल्या भाषेत ड्रेन आणि औषधांचं बोलायचे, आणि दुसरी माझी शाळेतली मैत्रीण, जिला कॅन्सरमधलं ओ की ठो कळत नव्हतं पण तिच्यासमोर मी मराठीत मनसोक्त शिव्या घालू शकायचे. दोन्ही कामं एकाच माणसाकडून होत नाहीत.

ती पहिली जी होती, तिने काय दिलं सांगते. ऑपरेशननंतर काखेच्या खाली ड्रेनची नळी असते, तिच्या टोकाला रबरी फुगा, त्यात पाणी साठतं, ते दिवसातून दोनदा रिकामं करून मिली लिहून ठेवायचं, चोवीस तासांत साधारण ३० मिलीच्या खाली आलं की नळी काढतात. हे मला नर्सने सांगितलं होतं. पण अंघोळीच्या वेळी तो फुगा ठेवायचा कुठे, तर गळ्यात एक नाडी बांध आणि तिला तो अडकव, हे तिने सांगितलं. पुढून बटणं असलेले शर्ट आधीच काढून ठेव, हात वर जात नाही. गाडीत सीटबेल्ट टाक्यांवर येतो तिथे छोटी उशी धर. आणि आरशात पहिल्यांदा बघशील तेव्हा खोलीत कोण हवं ते आधी ठरव, नवरा, नर्स, का कोणीच नको. हे शेवटचं मला दुसऱ्या कोणी सांगितलंच नसतं.

एक खूण लक्षात ठेव. चांगली व्हॉलंटियर "माझं असं झालं" म्हणते. "तू हेच कर" म्हणायला लागली, कुठली सर्जरी घ्यायची, डॉक्टर बदल वगैरे, की गोड बोलून फोन ठेवायचा आणि नर्सला सांगायचं दुसरी द्या. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, त्यांना सवय असते.

आणि गुप्ततेचं म्हणशील तर संस्थांच्या व्हॉलंटियर्सना बाहेर न बोलण्याची अट असते. आपल्या मंडळाला नसते :) 

– मृ.

––––––––––

उत्तर: द. काका

त्या भगिनीला आमच्या दोघांचे आशीर्वाद. मन खंबीर ठेवलं की अर्धा आजार पळतो. नेहमी आनंदी लोकांत राहा, ग्रुप जॉइन कराच, ग्रुपमधल्या पेशंटांचं आयुष्य दुप्पट वाढतं असं संशोधनात सिद्ध झालेलं आहे. शिवाय काही नैसर्गिक सप्लिमेंट्सची यादी माझ्याकडे आहे, हवी असल्यास पाठवतो, साइड इफेक्ट काहीही नाहीत.

––––––––––

उत्तर: अ.

काका, तुमच्या मनातलं पोचलंच, पण मी कॅन्सर पेशंटांच्या कौन्सेलिंगमध्येच काम करते म्हणून दोन गोष्टी बोलते, राग मानू नका.

तुम्ही म्हणताय तो अभ्यास डेव्हिड स्पीगल यांचा, १९८९ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. आजार पसरलेल्या ८६ बायका होत्या, ज्यांना दर आठवड्याचा ग्रुप मिळाला त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९. साहजिकच जगभर गाजला. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसंच करून पाहिलं, आयुष्यात फरक पडला नाही. नंतर २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच टीमने पुन्हा केलं, तेव्हाही एकंदरीत पहिल्यासारखं निघालं नाही. कॅनडाच्या अभ्यासात एक मात्र दिसलं, की मन कमी खचलं आणि वेदना कमी जाणवली, आणि ज्या आधीच जास्त खचलेल्या होत्या त्यांना जास्त फायदा झाला. मला विचाराल तर हे काही थोडं नाही. पण ग्रुपला गेले नाही, हसतमुख राहिले नाही, म्हणून आजार वाढला, हे ओझं कोणाच्या डोक्यावर नको. माझ्यासमोर बसून बायका खरंच विचारतात, मी फार टेन्शन घेते म्हणून झालं का हो हे.

आणि त्या मैत्रिणीने पत्रक ड्रॉवरमध्ये टाकलं ते मला मुळीच चुकीचं वाटत नाही. हेल्गसन आणि सहकाऱ्यांनी ३१२ बायकांचा अभ्यास केला, २००० साली छापून आला. काही ग्रुपमध्ये नुसती माहिती दिली, आजार, उपचार, त्रास कसा आवरायचा, आणि काही ग्रुपमध्ये नुसत्याच एकमेकींशी गप्पा. माहितीवाल्यांना फायदा झाला. गप्पांचा फायदा ज्यांना घरून आधार नव्हता त्यांना झाला, पण ज्यांच्या घरी आधार भक्कम होता त्यातल्या काहींना उलट त्रासच झाला. त्यामुळे घरी मनातलं बोलता येतं का हे तिने स्वतःशी बघावं, नवरा बरोबर येतोय, ऐकतोय, तर ग्रुप आत्ता नसला तरी चालेल, तिला माहितीच जास्त हवीय असं तिच्या मेलवरून वाटतं. डॉक्टरांचं बोलणं डोक्यात राहत नाही ना, फोनवर रेकॉर्ड करू का असं सरळ विचारायचं, बहुतेक जण हो म्हणतात.

सप्लिमेंट्सची यादी मात्र काका नको. नैसर्गिक असलं तरी औषधाशी भांडू शकतं, सेंट जॉन्स वर्ट ही मूड सुधारायला म्हणून विकतात ती वनस्पती टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकते. काहीही घ्यायचं तर आधी ऑन्कॉलॉजिस्टला विचारून.

– अ.

––––––––––

उत्तर: श.

मी सहसा लिहीत नाही पण ग्रुपचा विषय निघालाय म्हणून.

माझा पसरलेला आहे, हाडांमध्ये. उपचार चालू आहेत आणि चालूच राहणार, माझ्या बाबतीत संपले असं काही होत नाही. मी सुरुवातीला सगळ्यांसाठी असतो त्या ग्रुपला जायचे. तिथे कोणाची तरी शेवटची केमो झाली की टाळ्या वाजायच्या, आणि माझी पाळी आली की खोली गप्प. मी बोलले की नव्या मुली माझ्याकडे बघायच्या तेव्हा त्यांना काय दिसतंय ते मला कळायचं. त्यांच्यासाठीही ते बरं नव्हतं आणि माझ्यासाठी तर नव्हतंच. मग मेटास्टॅटिकवाल्यांचा, म्हणजे माझ्यासारखा पसरलेल्यांचा, वेगळा ग्रुप मिळाला, ऑनलाइन. तिथे स्कॅनच्या आदल्या आठवड्याबद्दल बोललं की कोणाला समजावून सांगावं लागत नाही, आणि तिथे आम्ही भरपूर हसतो, अतिशय वाईट जोक मारतो जे इथे लिहिता येणार नाहीत.

त्या मैत्रिणीला एवढंच, की ग्रुपला कधी गेलीसच तर आधी विचारून घे तिथे कोण कोण असतं. आणि ग्रुपमधली कोणी जाते तेव्हा काय करतात हेही विचार. चांगल्या ग्रुपमध्ये हे ठरलेलं असतं, सांगणारा एक माणूस असतो, बोलायला वेळ देतात. जिथे नुसतं नाव यादीतून निघून जातं तिथे थांबू नकोस.

काका, तुमचा मेल मला लागला नाही, पण आनंदी लोकांत राहा हे कृपया आम्हाला सांगू नका.

– श.

––––––––––

उत्तर: द. काका

श., अ., समजलं. यादी पाठवत नाही. त्यांना क्लिनिकला नेण्या-आणण्यासाठी गाडी लागली तर मी रिकामाच असतो, कोणासाठी ते मला कळायची गरज नाही, स. ने फक्त वेळ कळवावी. म्हणजे न्यायला गेल्यावर कळणारच, पण तोंड बंद ठेवीन.

––––––––––

उत्तर: नि.

थोडं विषयांतर. पुरुषांनाही होतो हा, याच्या शंभर पेशंटांतला साधारण एक पुरुष असतो. मला झालाय. मी हेल्पलाइनला फोन केला तर पहिला प्रश्न, पत्नीसाठी विचारताय का. ग्रुपवाल्यांनी फार नम्रपणे सांगितलं की बाकीच्यांना अवघड वाटेल, आणि त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. शेवटी नर्सने दुसऱ्या शहरातला एक माणूस फोनवर जोडून दिला, त्यालाही टॅमॉक्सिफेन, त्यालाही हॉट फ्लॅशेस, भर मीटिंगमध्ये घामाघूम होऊन बसायचं आणि कोणाला कारण सांगता येत नाही. आम्ही अजून भेटलेलो नाही. जेनेटिक टेस्टचं पण त्यानेच डोक्यात घातलं, माझ्यात बीआरसीए-टू या जनुकातला दोष निघाला, घराण्यात उतरणारा, मग बहिणींना सांगावं लागलं. ते कसं सांगायचं यावर कोणाला बोलायचं असेल तर मी आहे, बाई असो की पुरुष.

– नि.

––––––––––

उत्तर: स. (कमिटी), तिच्या वतीने

तिने लिहिलंय, तसंच देतेय.

"सगळे मेल वाचले, काही परत परत. मृ.ताईशी फोनवर बोलले, स.ने मध्ये पडून नंबर दिला. बरं वाटलं म्हणायचं की काय माहीत नाही, पण त्या रात्री झोप लागली. श.ताई, तुमचा मेल वाचायला कठीण गेला, पण तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

हर-टू पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे आधी केमो आणि त्याच्याबरोबर ट्रास्टुझुमॅब हे हर-टूवरचं इंजेक्शन, मग सर्जरी, आणि ते इंजेक्शन पुढे चालू ठेवून एकूण वर्षभर. मृ.ताईचं हर-टू निगेटिव्ह होतं, तिनेच सांगितलं की आता तुला दुसरी कोणीतरी शोधायला हवी, मी आहेच पण या औषधाचं मला माहीत नाही. नर्सला मृ.ताईने दिलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, ती म्हणाली बघते.

आईबाबांना सांगितलंय. व्हिडिओ कॉलवर. बाबा काही बोलले नाहीत, आईने पहिलं विचारलं मुलांना शाळेतून आणतं कोण. द. काका, तुमची गाडी मला लागणार आहे.

आता बावळट प्रश्न. छातीत कातडीखाली पोर्ट बसवणार आहेत, केमो द्यायची छोटी डबी. झोपताना तो टोचतो का, कुशीवर झोपता येतं का, आणि धाकटा धावत येऊन अंगावर आदळतो त्याचं काय करायचं?"

––––––––––

उत्तर: वै.

पोर्ट, हर-टू, आधी केमो, माझं सगळं तुझ्यासारखंच. मुलं पण तेवढीच होती. पहिले काही दिवस दुखतं, मग ज्या बाजूला पोर्ट नाही त्या कुशीवर झोपता येतं. मुलाला तो दाखव, हात लावू दे, बटण म्हणून सांग, माझा मुलगा नंतर स्वतःच बाजू बदलून मिठी मारायचा. बाकीचं स. कडे माझा नंबर दिलाय, संध्याकाळी आठनंतर कधीही फोन कर.