बदामी म्हणजे सोललेला की सालासकट?

इंदिरानगरची सून: हॉलसाठी दोन शेड उरल्यात, दोन्ही बेज. एकीत गुलाबी झाक, दुसरीत पिवळी. सासूबाईंना फोनवर सांगताना पहिलीला मातकट म्हटलं, दुसरीला बदामी. त्या म्हणाल्या, "मातकट रंग पैसे देऊन कोण लावतं? आणि बदामी तर तपकिरी असतो." रंगारीदादांना दोन्ही 'बिस्कीट कलर'. मराठीत वेगळे शब्द आहेत ना?

देवळालीकर: सासूबाई बरोबर. बदाम न सोलता बघा.

पंचवटीवाला: छे! बदामी म्हणजे भिजवून सोललेला. आजीचं बदामी लुगडं जवळजवळ पांढरंच होतं.

देवळालीकर: धुऊन धुऊन झालं असेल.

पंचवटीवाला: पत्त्यातला बदाम तर लाल असतो. लावा तोच हॉलला.

जुना मास्तर: मातकट नकोच. 'कट' लागला की शब्द नाक मुरडतो: मळकट, धुरकट, तेलकट. आणि बेज कशाला? 'पांडुर' आहे की. पिवळसर पांढरा.

येवलेकरीण: मास्तर, आमचा पांडुरंग सावळा आहे हो! येवल्यात साडीच्या दुकानात पिवळ्या झाकेला सरळ श्रीखंडी म्हणतात. आणि संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन, चक्का नव्हे.

पंचवटीवाला: बेजमध्ये तरी वाईट काय? मूळ फ्रेंच, न रंगवलेल्या लोकरीचा रंग. म्हणजे आपली घोंगडीच.

देवळालीकर: आणि खाकी? फारसीत खाक म्हणजे माती, धूळ. मातकटच की! छावणीत जन्म गेला, गणवेशाला नाक मुरडणारा नाही पाहिला.

जुना मास्तर: गणवेशाचं वेगळं.

सिडकोतला: शब्द राहू द्या. भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारा, पूर्ण वाळू द्या. ओला रंग फसवतो. मग एकदा दुपारी आणि एकदा रात्री दिवा लावून बघा.

इंदिरानगरची सून: मारले. दुपारी गुलाबी छान वाटतो, रात्री ट्यूबखाली दोन्ही जुळे भाऊ. सासूबाई येऊन बघून गेल्या. पिवळ्याला 'गव्हाळ' म्हणाल्या.

जुना मास्तर: गव्हाळ माणसाला म्हणतात. भिंतीला नाही.

येवलेकरीण: का? स्थळ काढायचं असेल भिंतीला. उंची दहा फूट, वर्ण गव्हाळ.

पंचवटीवाला: ते श्रीखंडी केशर घातलेलं की साधं?