मार्बलच्या आधी टॉयलेट आणि जिना

जुनी कमर्शियल बिल्डिंग नवी करताना लॉबीत इटालियन मार्बल, फॉल्स सीलिंग आणि काचेचा दरवाजा करायचा एक प्लॅन वाचला, पण मला मनापासून वाटतं की पहिला पैसा टॉयलेटमध्ये आणि जिन्यात जायला हवा. नाशिकच्या सीबीएस, शालीमार, शरणपूर रोडच्या जुन्या कमर्शियल बिल्डिंगांमध्ये बघा, मजल्यावर एकच कॉमन टॉयलेट, लेडीजची किल्ली भलत्याच ऑफिसात, आणि तिथे काम करणाऱ्या मुली दिवसभर पाणीच कमी पितात हो, वाईट वाटतं बघून.

एंट्रन्सला रॅम्प करणार असाल तर उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे २ फूट उंचीला २४ फूट लांबी, जागा नाही म्हणून कॉन्ट्रॅक्टर ८ फुटात उरकतो आणि मग व्हीलचेअर एकट्याने चढवताच येत नाही. जागा कमी असेल तर मधे वळण द्या. आणि तिथे पॉलिश ग्रॅनाइट अजिबात नको, पावसाळ्यात ओल्या चपलांनी माणसं घसरतात, फ्लेम फिनिश, म्हणजे खरखरीत ग्रॅनाइट घ्या.

जिन्यातली जुनी कपाटं, एसीचे खोके आधी उचलायला लावा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने फायर सिस्टीम चालू असल्याचं बी फॉर्म सर्टिफिकेट दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं, पण अडगळीतून लोक उतरणार कुठून?

आणि गच्ची मोकळीच असेल तर तिथे शेड टाकून चार बाकं आणि एक बेसिन करा, डबा खायला जागा होईल.