ओपीडीत "बरं आहे" म्हणते आणि रात्री पडवीत बसून असते, डॉक्टरांना सांगायचं कसं?

पडवीतली:
आम्ही गुहागरकडचे. आईला ब्रेस्ट कॅन्सर, ऑपरेशन झालं, आता दर २१ दिवसांनी केमोला मुंबई. चिपळूणहून रात्रीची गाडी, पहाटे दादर, मग नंबर लावून चार-पाच तास बाकड्यावर. आत गेलो की डॉक्टर रिपोर्ट बघत विचारतात काय मावशी काही त्रास, आणि आमच्या मातोश्री हसून म्हणतात "बरं आहे हो", झालं, पुढचा पेशंट. घरी मात्र रात्री दोनला पडवीत एकटी बसलेली असते, सूप मांडीवर, तांदूळ तसेच. मागच्या वेळी मी तिच्यासमोरच म्हटलं की डॉक्टर ही फार टेन्शन घेते, तर ते म्हणाले "टेन्शन घेऊ नका", आणि आई ठाण्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. कसं सांगायचं असतं हे?

देवगडची काकू:
अगं मी पण तेच करायचे. माझी ट्रीटमेंट २०१७ ला संपली. डॉक्टर जीव वाचवायला बघतायत, त्यांच्यापुढे रडगाणं कुठे गायचं असं वाटतं, आणि आतून भीती असते की मन खचलंय म्हटलं तर केमो बंद करतील की काय. आमचे हे तर म्हणायचे, "ह्या काय डॉक्टराक सांगूचा असता?" एक सांगू, राग मानू नकोस, तू शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना ती बोलणार नाही. मी पहिल्यांदा बोलले ते ड्रेसिंगच्या वेळी नर्सजवळ, मुलगा औषधाच्या लाइनीत होता म्हणून.

हापूसवाला:
पॉझिटिव्ह राहायला सांगा, अर्धा आजार मनाचाच असतो. सकाळी समुद्रावर चालायला न्या.

ओपीडीतली सिस्टर:
दादा चालणं चांगलंच, पण पॉझिटिव्ह रहा हे ऐकून ऐकूनच पेशंट गप्प होतात, मग वाईट वाटलं की तीही आपलीच चूक वाटायला लागते.

ताई, "टेन्शन घेते" म्हटलं की डॉक्टरांच्या हाताला काही लागत नाही. त्यापेक्षा चिठ्ठीवर लिहून फाइलच्या वर लावा: किती दिवस झोप नाही, किती वाजता उठते, जेवण किती कमी झालंय, आणि मुख्य म्हणजे केमोनंतर कितव्या दिवशी जास्त होतं. कारण केमोसोबत डेक्सा म्हणून स्टेरॉइड देतात बऱ्याच जणांना, त्यानेही झोप उडते आणि चिडचिड होते, मग डॉक्टर डोस, वेळ बघू शकतात. रक्त कमी झालं, थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच मरगळतो, ते तपासता येतं.

दुसरं, ० ते १० चा एक स्केल असतो, थर्मामीटरचं चित्र. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करायची, ४ किंवा वर गेलं की पुढे नीट विचारायचं. सोबत यादी असते, तिच्यात पैसे, प्रवास, घरचे, झोप सगळं येतं. "उदास वाटतं का" ला आपल्या बायका नाहीच म्हणतात, आकडा मात्र पटकन सांगतात. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात समुपदेशक, मेडिकल सोशल वर्कर असतात, आपण होऊन मागा, गर्दीत कोणी पाठवेलच असं नाही. मुंबईच्या दोन खेपांच्या मध्ये टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. जीव नकोसा झाला असं कधी बोलली तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि मेडिकलमधून झोपेची, मनाची गोळी परस्पर नको. पुढे टॅमॉक्सिफेन (ब्रेस्ट कॅन्सरवरची हार्मोनची गोळी) चालू झालं तर पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्झेटिनसारख्या उदासीवरच्या गोळ्या त्याचं काम कमी करू शकतात. दुसऱ्या चालतात, पण ठरवायचं डॉक्टरांनी.

पडवीतली:
काल जाऊन आलो. चिठ्ठी फाइलवर लावली आणि मी चहाचं निमित्त करून बाहेर. डॉक्टरांनी डेक्सा सकाळीच घ्यायला सांगितलं आणि सोशल वर्करकडे पाठवलं, तिथे पाऊण तास! स्केलवर आईने ८ सांगितलं. मला वाटत होतं मरणाची भीती असेल. तर म्हणे, माझ्यापायी बागेतली कलमं कराराने दिली ना तुम्ही, आणि मला विचारलंही नाही. ती कलमं तिने स्वतः पाणी घालून जगवलेली आहेत, लग्न होऊन आली त्या वर्षापासून. आम्हाला वाटलं होतं तिला कळलेलंच नाही.

देवगडची काकू:
करार किती वर्षांचा केलात?

पडवीतली:
एकाच सीझनचा, काकू. आज सकाळी कागद वाचून दाखवला तिला. दोनदा वाचायला लावला.