पूलच्या पंपाला मोबाइलवरून चालणारा स्विच लावायचाय, पण आरसीसीबी सारखी पडते

वाडी_गुहागर

नमस्कार मंडळी. गुहागरजवळ आमची माडापोफळींची वाडी आहे आणि तिथेच मी तीन खोल्यांचा होमस्टे चालवते. मागच्या अंगणात पाहुण्यांसाठी २० बाय १२ फुटांचा, साडेचार फूट खोल पूल बांधला आहे, म्हणजे साधारण ३० हजार लिटर पाणी. फिल्टरचा पंप दीड एचपी, सिंगल फेज. पंपघर चिऱ्याचं, वर पत्रा, पूलच्या काठापासून जेमतेम १० फुटांवर.

मुलगा पुण्याला असतो. तो म्हणतो, १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग लाव, मी इथून टायमर लावून देतो. गावातला वायरमन म्हणतो, प्लग लावतो, पण पाऊस आला की आरसीसीबी (करंट गळला की आपोआप वीज तोडणारा स्विच) पडते, ती आधी काढून टाकू. मला हे पटत नाही. पाण्यात लोकांची लहान मुलं असतात. आत्ता जो प्लग आहे त्याच्या पितळी पिनांवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढलाय आणि सॉकेटचं एक भोक तपकिरी पडलंय. नीट पद्धत कोणी सांगेल का?

पॅनेलवाला_कुडाळ

ताई, तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. मी पंप आणि पॅनेलचीच कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आरसीसीबी कोणत्याही परिस्थितीत काढू देऊ नका. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, आरसीसीबी माणूस वाचावा म्हणून. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पूर्ण परत आला नाही की ती पडते. पावसात पडते याचा अर्थ ओलीमुळे कुठेतरी करंट जमिनीत जातोय, आणि पूलच्या बाजूला तो पाण्याकडेही जाऊ शकतो. पंपाची केबल दोन्हीकडून सोडवून मोटर आणि केबल वेगवेगळी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजायचं यंत्र) तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली आलं तर दोष तिथेच. दोन्ही चांगली आली तर आरसीसीबीच्या पुढे कुणी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र बांधलंय का ते बघायचं. जुन्या घरांत हे फार सापडतं.

सॉकेटचं भोक तपकिरी पडलंय म्हणजे तिथे पकड सैल होऊन उष्णता धरतेय. तो प्लग आजच बंद करा.

आता स्मार्ट प्लगबद्दल. त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं असतं ते गिझर-इस्त्रीच्या हिशोबाने. तुमची मोटर चालताना ८-९ अँपिअर घेत असेल, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. आतल्या छोट्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या स्विचचे) पॉइंट त्या झटक्याने चिकटतात. मग मोबाइलवर ‘बंद’ दिसतं आणि पंप चालूच. शिवाय तो प्लग एकच तार तोडतो. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर बंद पंपातही फेज राहतो.

म्हणून मोबाइलने फक्त हुकूम द्यायचा, मोटरचा करंट त्यातून न्यायचा नाही. स्मार्ट स्विचने काँटॅक्टरची, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल चालवा. तिला एखाद्या एलईडी बल्बाइतकीच वीज लागते. काँटॅक्टर एसी-३ (मोटरसाठीच्या) रेटिंगला १२ अँपिअर किंवा वरचा घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. त्याच्याखाली मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले, मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावलेला. सिंगल फेजला रिलेच्या तिन्ही पोलांतून करंट फिरवून घ्यावा लागतो, नाहीतर एक फेज गेला असं समजून तो उगाच पडतो. वर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आणि एमसीबी.

पॅनेल पंपघरात नको. पूलच्या काठापासून २ मीटरचा पट्टा सगळ्यात धोक्याचा धरतात, त्यापुढचा दीड मीटर दुसरा पट्टा. तुमचे १० फूट त्या दुसऱ्यात येतात. घराच्या मागच्या पडवीत आयपी-६५चा (धूळ आणि पाणी आत न जाणारा) प्लास्टिकचा बॉक्स लावा, पत्र्याचा नको, गंजतो. केबल खालून ग्लँडने (केबलभोवती घट्ट बसणारं बूच) आत घ्या. पंपाजवळ फक्त दोन पोलचा आयसोलेटर (दोन्ही तारा हाताने तोडणारा स्विच) ठेवा, कुलूप घालता येईल असा. फिल्टर उघडणाऱ्या माणसाने तो पाडून चावी खिशात ठेवली की पुण्याहून कुणी बटण दाबलं तरी पंप हलणार नाही.

अर्थिंग आपल्या जांभ्यात एप्रिल-मेमध्ये कोरडं पडतं. पंपासाठी वेगळा खड्डा करा, तांब्याचा इलेक्ट्रोड, आणि मोजणी उन्हाळ्यात. पूलची स्टीलची शिडी, कठडा, काँक्रीटमधल्या सळ्या, सगळं त्याच अर्थिंगला तांब्याच्या तारेने जोडलेलं हवं. हे सगळं परवानाधारक माणसाकडूनच.

फिल्टर_अलिबाग

वरच्या दादांशी सहमत. मी पूल सांभाळतो, त्या बाजूने दोन गोष्टी.

लोक पाण्यात असताना लांबून पंप चालू करायची सोयच ठेवू नका. तळाच्या जाळीचं झाकण तुटलं असेल तर ओढ एवढी असते की मुलाचे केस किंवा हात अडकतो. टायमर पहाटे आणि रात्री, पूल बंद असतानाचा. मुलाला ‘बंद’ करता यावं, ‘चालू’ करायचं ते जागेवरच्या माणसाने.

दुसरं, वाडीत माडाची फुलं, पोफळीची सालं पडतात, स्किमर (पाण्यावरचा कचरा ओढणारं तोंड) तुंबतो आणि पंप कोरडा चालतो. समोर माणूस असला तर आवाजावरून कळतं, मोबाइलवर कळत नाही. ड्राय रनचा रिले, म्हणजे पंप कोरडा चालला की बंद करणारा, लावाच.

नेट_रत्नागिरी

सेटिंगमध्ये वीज गेल्यावर परत आली की काय करायचं हा पर्याय असतो, तो ‘बंद’ ठेवा. पाऊस सुरू झाला की दिवसातून कितीदा वीज जाते ते तुम्हाला माहीत आहेच. आणि पडवीत पॅनेल आलं की वायफायचाही प्रश्न मिटेल, चिऱ्याच्या जाड भिंतीतून रेंज फार कमी होते.

वाडी_गुहागर

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लग काढला, आणि चिपळूणहून परवानाधारक माणूस बोलावून मेगर लावून घेतला. केबल चांगली निघाली, मोटर ०.२ मेगाओहम. टर्मिनल बॉक्स उघडला तर ग्लँडचं तोंड वरच्या बाजूला, आत पावसाचं पाणी आणि वायरच्या टोकांवर पांढरट मीठ. साफ करून, सुकवून परत मोजलं तर ४० मेगाओहम.

एकच शंका. मे महिन्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८०पर्यंत उतरतं. काँटॅक्टर चालेल?

पॅनेलवाला_कुडाळ

आता बॉक्स फिरवून ग्लँड खाली करा, गॅस्केट नवीन.

१८०ला कॉइल नीट धरणार नाही. २३०च्या कॉइलला साधारण १९५च्या वर लागतं. त्याखाली ती थरथरते, पॉइंटवर ठिणग्या पडतात आणि मोटरही तापते. कॉइलच्या मार्गात कमी-जास्त व्होल्टेजचा रिले घाला, पुन्हा चालू व्हायला तीन मिनिटांचा उशीर ठेवा. पंप पहाटे चालवलात तर व्होल्टेजही बरं मिळेल. आणि आरसीसीबीचं टेस्टचं बटण दर महिन्याला दाबा. दाबून पडली नाही तर पूल त्या दिवशी बंद, नवीन लावेपर्यंत.